शून्य सावलीचा मांडव

शून्य सावलीचा दिवस दाखवायला मी अर्धं सोलापूर बोलावलं आणि मैदानभर मांडव घातला.

ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथंच हसून घ्यावं, कारण पुढं मी थोडा हळवा होणार आहे. ज्यांच्या लक्षात नाही आलं त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या सोलापुरात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै सरता सरता. त्या घटकेला उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाखाली गडप होते. माणूस ताठ उभा राहिला तर त्याचीही पायाखाली जाते, आणि थोडा वेळ माणूस जमिनीला न चिकटल्यासारखा दिसतो. जुलैत ढगांचा भरवसा नाही, म्हणून आम्ही मे महिना धरतो. हे बघायला दुर्बीण लागत नाही, काळा चष्मा लागत नाही, तिकीट लागत नाही. लागतं फक्त ऊन. आणि ते सोलापुरात मे महिन्यात मागाल तेवढं मिळतं. नेमकं तेच मी अडवून ठेवलं. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता ज्याचे केस पांढरे झाले, त्या माणसानं.

पण माझी बाजूही ऐका. आमच्याकडं मे महिन्यात मांडवाशिवाय कार्यक्रम होऊच शकत नाही. लग्न असो, बारसं असो, दुकानाचं उद्घाटन असो, तारीख ठरली की दुसरा फोन मांडववाल्याला. मी आयुष्यात शेकडो कार्यक्रम केले, हात आपोआप त्या नंबरवर गेला. वर मी त्याला बजावलं, "हे बघा, एकाही खुर्चीवर ऊन पडता कामा नये." तो बिचारा सज्जन. त्यानं ते शब्दाला जागून केलं.

हे असं माझ्या हातून का होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्याचं मूळ मोहोळच्या रस्त्यावर आहे.

आमचं शेत हमरस्त्याला लागून होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाभळीखाली पालथा पडून मी रस्ता बघत राहायचा. डांबर तापलं की लांबवर पाणी पसरल्यासारखं दिसायचं. टेंभुर्णीकडून येणारे ट्रक आधी त्या पाण्यात उलटे उगवायचे, मग सुलटे व्हायचे, मग बिनचाकाचे, हलत हलत, झोपेतून चालल्यासारखे जवळ यायचे. मला त्यात चमत्कार काही वाटत नसे. मला वाटायचं, ट्रक असेच येतात. गावात शिरताना चाकं लावून घेत असतील. एकदा शेरडांना पाजायला पाणी नव्हतं, तर मी बादली उचलली आणि रस्त्यानं निघालो.

वडील बांधावर होते. "कुटं चाललास रं?"

"पानी आणाया."

"कुटलं?"

मी बोट दाखवलं. वडिलांनी कपाळावर हात धरून त्या दिशेला बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "जा. आन जमलं तर दोन खेपा कर."

ती माझी विज्ञानातली पहिली मोहीम. मी जसजसा पुढं जाई तसतसं पाणी मागं सरके. तहान लागली, पाय भाजले, पण घरी परतावंसं वाटेना. समोर एवढं लखलखीत काहीतरी पसरलेलं असताना माघारी कोण फिरेल? पुढं विद्यापीठात गेलो, पदव्या मिळवल्या, त्या पाण्याचं गणित कागदावर मांडायला शिकलो. उन्हात तापलेल्या हवेत उजेड कसा वाकतो हे मी आता फळ्यावर सहज काढतो. पण अजूनही मेच्या दुपारी गाडीत बसून मोहोळकडं जाताना तो चकाकणारा पट्टा दिसला की माझा हात नकळत बादली शोधतो.

असा माणूस प्रयोगशाळेत काय करणार? पीएच.डी.ला माझं काम होतं काचेवर धातूचा पातळ थर चढवणं. थर इतका पातळ की डोळ्याला जेमतेम धुरकटपणा जाणवावा. निर्वात पंप सतत बिघडायचा. खूप खटपटींनंतर एकदा थर असा सुरेख बसला की मी ती काच खिडकीपाशी नेऊन बघतच राहिलो. बाहेरचा कडुनिंब तिच्यातून फिकट निळा दिसत होता. तेवढ्यात माझे मार्गदर्शक आले. त्यांना दाखवायचं म्हणून मी घाईघाईनं काच खिशातल्या रुमालानं चांगली खसाखसा पुसली, आणि दोन्ही हातांनी अदबीनं पुढं केली. त्यांनी ती उजेडात धरली. "फार छान," ते म्हणाले. "काच फार छान आहे."

संशोधनात आपलं हे असं, तेव्हा मी शाळांकडं वळलो. जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून पिशवीभर सामान घेऊन प्रयोग दाखवत हिंडायचं, हे काम मला मनापासून आवडलं आणि त्यानंच मला नाव मिळालं. माढा तालुक्यातल्या एका शाळेत हवेचा दाब दाखवताना तेलाचा डबा चुरगळायचा होता. डब्यात थोडं पाणी उकळायचं, झाकण घट्ट लावायचं, वरून गार पाणी ओतायचं की डबा आपोआप चेपतो. मी झाकण सोडून सगळं केलं. मुलं श्वास रोखून बसलेली, मी हवेच्या महासागराबद्दल बोलतोय, आपण सगळे त्याच्या तळाशी राहतो वगैरे, आणि डबा मजेत बसलेला. शेवटी मी त्याला हळूच लाथ मारली. खिडकीशी मेंढरं थांबवून एक आजोबा बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, डबा चांगला हाय की. कशाला पोचे आणताय?"

तरीही पुरस्कार मिळाले. सत्कार तर इतके झाले की विचारू नका. आमच्या भागात सत्कार म्हणजे टॉवेल, टोपी आणि नारळ. माझ्या कारकिर्दीत काय झालं असं कुणी पाहुण्यानं विचारलं, तर आमची ही कपाट उघडून टॉवेलांची चळत दाखवते. "लग्न झाल्यापासून टॉवेल म्हणून विकत घेतला नाही," ती म्हणते. "ह्यांच्या विज्ञानाची मला तक्रार नाही."

आता त्या मुलीकडं येतो, कारण शून्य सावलीचा सगळा घाट तिच्यासाठी होता.

मी बी.एस्सी.च्या वर्गावर जायचो, तिथं ती पहिल्या बाकावर बसायची. घरात तेलुगू, मैदानात सोलापुरी, परीक्षेत शुद्ध मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा चार भाषा ती एकाच तासात बोलायची. वडिलांचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार-दोन पॉवरलूम, टॉवेलचं उत्पादन. मी फळ्यावर चिन्ह चुकवलं की ती हात वर करायची नाही, फक्त मान थोडी तिरकी करायची. पुढंपुढं मी फळ्याकडं कमी आणि तिच्या मानेकडं जास्त बघून शिकवू लागलो. इतक्या वर्षांत मला असा विद्यार्थी मिळाला नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही. घरी मात्र रोज जेवताना सांगायचो.

तिला पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. आणि वडील नाही म्हणाले. ते चिडखोर नव्हते, अडाणी तर मुळीच नव्हते. ते माझ्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, पुन्याला कशाला? हितं तुमी हाय की. तुमच्या हाताखाली शिकू दे. घरच्या घरी. तुमच्यासारका मानूस सोडून पोरगीनं लांब जायचं, हे मला पटंना."

खरं म्हणजे त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. आमच्याकडं जे उपकरण नाही, जे पुस्तक नाही, जे शिकवणारं माणूस नाही, ते सगळं तिथं आहे, एवढं सांगायचं होतं. पण "तुमच्यासारका मानूस" हे शब्द कानात मधासारखे उतरत होते. खिडकीतून कुठल्याशा लूमचा खटखट आवाज येत होता, दुपार पिवळी झाली होती, आणि मला दिसायला लागलं की ती इथंच राहिलीय, मी म्हातारा झालोय, ती प्रयोगशाळेत पंप सुरू करतेय आणि मी खुर्चीत बसून मान डोलावतोय. मी म्हणालो, "बघू या."

पत्नीनं स्वयंपाकघरात भांडं आपटलं. ते माझ्यासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी विभागात आली. "सर, तुम्ही सांगा ना नान्नांना. ते तुमचंच ऐकतात. ह्या आठवड्यात हो म्हणायचंय, नाहीतर जागा जाईल."

मला लाज वाटली आणि लाज वाटली की मी नेहमी कार्यक्रम काढतो. म्हणालो, "शून्य सावलीचा दिवस आलाच आहे. तू प्रयोग कर, वडिलांना घेऊन ये. त्यांना पहिल्या रांगेत बसवू, त्यांचा सत्कार करू. तू काय करतेस ते त्यांनी डोळ्यांनी बघू दे. आणि मी भाषणात सगळ्यांदेखत सांगतो की हिला पुण्याला पाठवा."

"भाषणात कशाला सर? नुसतं सांगा ना."

"अगं, माइकवरून सांगितलेलं माणसाला जास्त पटतं."

तिची मान थोडी तिरकी झाली.

आणि तो दिवस उजाडला. सकाळी मैदानावर गेलो तेव्हा मांडव लागलेला होता. पिवळ्या आणि तांबड्या पट्ट्यांचं कापड, वर कडाडतं ऊन, त्यामुळं आत सगळं मधात बुडवल्यासारखं. खुर्च्या केशरी, माणसं केशरी, माइक केशरी. पंखे कापडाला हलवत होते आणि तो रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावरून लाटेसारखा फिरत होता. मला इतकं प्रसन्न वाटलं की काही चुकतंय ही शंकाही शिवली नाही. माणसं आली, शाळांची मुलं आली, गावाकडचे चार ओळखीचे आले. मुलीचे वडील इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत बसले. मी त्यांचा सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ. टॉवेल बनवणाऱ्याला टॉवेल. त्यांनी तो दोन बोटांत धरून पोत बघितला आणि खांद्यावर जरा बाजूला सरकवून घेतला.

मुलगी हातात एक पिशवी घेऊन माझ्याकडं आली. "सर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मांडव."

"छान आहे ना?"

"सर, ऊन कुठाय?"

मी वर बघितलं. पिवळा, तांबडा, पिवळा, तांबडा. मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चांगला खानदानी मांडव. एखाद्या स्वप्नात आपण परीक्षेला बसतो आणि लक्षात येतं की अंगात शर्ट नाही, तसं मला झालं. पण स्वप्नातही आपण पेपर सोडवत राहतो की नाही? मी म्हणालो, "वेळ आहे अजून. मी भाषण करतो. तेवढ्यात तू काहीतरी बघ."

ती गेली, आणि मी माइकसमोर उभा राहिलो. साडेबाराच्या जरा अलीकडं सावली नाहीशी होणार होती. मी ठरवलं होतं, थोडक्यात बोलायचं, मुख्य गोष्ट सांगायची आणि संपवायचं.

पण त्या केशरी उजेडात काय होतं कोण जाणे. मी सूर्यापासून सुरुवात केली. सूर्यावरून मोहोळच्या रस्त्यावर आलो. चाकांशिवाय तरंगणारे ट्रक सांगितले, बादली सांगितली, वडिलांच्या दोन खेपा सांगितल्या, लोक हसले. लोक हसले की माझे डोळे मिटतात, ही जुनी खोड. मिटल्या डोळ्यांनी मला सगळं फार स्पष्ट दिसायला लागलं. मी सांगू लागलो की थोड्याच वेळात सोलापूर कसं दिसेल. रस्त्यावरचे विजेचे खांब बिनसावलीचे उभे राहतील. एमआयडीसीकडं जाणारा सायकलवाला रस्त्याला न टेकता जाईल. कडुनिंब आपली सावली ओढून स्वतःच्या पायाशी घडी घालून ठेवतील. तळ्याकाठची गुरं, चौकातले पुतळे, गच्चीवरच्या टाक्या, सगळं जमिनीपासून सुटं, हलकं, कुणाचं कुणावर सावट नाही. माणूस एवढी वर्षं आपलं काळं गाठोडं ओढत हिंडतो, ते त्या घटकेला कुणीतरी उचलून घेतं. मला स्वतःला पायाखाली जमीन लागेना. पंख्यांचा आवाजही लांब गेला. कुणी खोकत नव्हतं, कुणी खुर्ची सरकवत नव्हतं. इतकी शांत सभा मी आयुष्यात अनुभवली नव्हती. मनात म्हटलं, आज जमलं.

आता मुख्य गोष्ट. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "आणि म्हणून, ह्या सभेसमोर, मला एका मुलीबद्दल सांगायचं आहे." आणि डोळे उघडले.

खुर्च्या रिकाम्या होत्या. ओळीच्या ओळी, केशरी, रिकाम्या. पंखे त्यांच्यावर मनापासून वारा घालत होते.

पहिल्या रांगेत मधोमध मुलीचे वडील तेवढे बसलेले. डोक्यावर टोपी, मांडीवर नारळ, टॉवेल घामानं मानेला चिकटलेला. चेहरा अगदी सभ्य.

"बाकीचे कुठं गेले?" मी माइकवरूनच विचारलं.

"भायेर," ते म्हणाले. "पोरगीनं बोलावलं की सगळ्यांना. मगाशीच गेले."

"तुम्ही नाही गेलात?"

"सत्कार केलाय तुमी. टोपी घालून उटून कसं जायाचं? तुमचं बोलनं चालू होतं."

बाहेरून मुलांचा एकदम मोठा गलका आला, सामन्यात षटकार बसल्यासारखा. आणि लगेच विरला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. तो गलका कशाचा हे मला कळलं होतं. त्यांनाही अंदाज आला असावा, कारण ते नारळ शेजारच्या खुर्चीवर ठेवून उठले.

तेवढ्यात मांडवाचं कापड बाजूला करून मुलगी धावत आली. चेहरा उन्हानं लाल, कपाळावर घाम. "नान्ना, चला ना! झालं, पण थोडं दिसतंय अजून. लवकर!"

आम्ही बाहेर पडलो. केशरीतून एकदम पांढऱ्यात. डोळ्यांना काही कळेना. मग हळूहळू दिसलं, मैदानाकडेच्या मोकळ्या रस्त्यावर माणसांचं मोठं कडं, आणि मधे डांबरावर अंथरलेला लांबच लांब पांढरा टॉवेलाचा तागा, अजून न कापलेला. त्यावर लूमवरच्या रिकाम्या बॉबिनी ओळीनं उभ्या. माणसांनी वाट करून दिली. वडील पुढं झाले.

"ह्या माज्या बॉबिनी?"

"हो नान्ना. वेचूनवेचून आणल्या ना मी सकाळी, तागा पण. अम्माला विचारून."

प्रत्येक बॉबिनीच्या बुडाशी, पूर्वेच्या अंगाला, नखाएवढी सावली बाहेर आली होती. सगळ्यांची एकाच मापाची, एकाच बाजूला. ती पांढऱ्यावर इतकी कोवळी दिसत होती, की जणू बॉबिनींना नुकतीच पालवी फुटलीय. मगाशी ती अजिबात नव्हती. सगळ्या शाळकरी पोरांनी ती जाताना बघितली होती आणि परत येतानाही.

मुलगी रस्त्यावर गुडघे टेकून बसली, भाजत असणार, आणि वडिलांना सांगू लागली. अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. मांडल्या तेव्हा सावल्या कशा त्या बाजूला होत्या, मग कशा ओढत ओढत आत आल्या, आणि मग, इथं तिनं दोन्ही तळवे टॉवेलवर सपाट ठेवले, काहीच नाही. नुसतं पांढरं. ती बोलत होती आणि ते बॉबिनींकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते. तिचे हात कसे हलतात, मधेच थांबून ती शब्द कसा शोधते, आजूबाजूची पोरं कशी तिच्या तोंडाकडं बघताहेत. मी मागं उभा. माझ्या पायाशी माझीही सावली थोडी बाहेर आली होती. वाऱ्याची एक झुळूक आली, ताग्याचं टोक उचललं गेलं, ते कुणी धरलं नाही, आणि बॉबिनी एकामागून एक शांतपणे आडव्या झाल्या. ऊन नुसतं उभं होतं.

मला वाटलं, हीच वेळ. मी पुढं झालो. माइक नव्हता, त्यामुळं आवाज कुठून काढावा ते समजेना. "अहो, मला भाषणात सांगायचं होतं ते राहिलं. हिला पुण्याला पाठवा. इथं ठेवू नका. मी त्या दिवशीच तुम्हाला सांगायला हवं होतं, पण…"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मुलीला विचारलं, "पुन्याला आसंच शिकवतात? भायेर नेऊन, दाकवून?"

"हो नान्ना."

"का नुसतं बोलतात?"

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, मग खाली. "बोलतात पण. थोडं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून टोपीनंच कपाळ पुसलं, मग ते वाकून एकेक बॉबिन गोळा करू लागले. मुलगी पिशवी धरून उभी राहिली. शेवटची बॉबिन पिशवीत टाकून ते म्हणाले, "फोन कर त्यांना. येते म्हनून सांग."

ती तशीच उभी राहिली. मग तिनं पिशवी छातीशी धरली आणि एकदम लहान मुलीसारखी रडायला लागली. मलाही भरून आलं. माझ्या कार्यक्रमामुळं अखेर हे घडलं, असं काहीसं मनात येऊ लागलं, आणि मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, "फार मोठा निर्णय घेतलात तुम्ही. पण मला सांगा, एवढ्यात मन कसं बदललं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, अगदी मायेनं बघितलं.

"सर, तुमी मानूस लई चांगले. पन पोरीला शिकवायला दुसरं कोनतरी पायजे."